विंधन विहिरीचे पाणी आणि हाडांची अवाजवी वाढ



पाण्याचा नमुना तपासणीसाठी आणताना आपल्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, 'हे पाणी पिकाला चालेल का?' आम्हीही अहवाल पाहून तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. सामू किती, क्षार किती, जिप्सम टाकावे लागेल की नाही, एवढे सांगितले की काम संपले. तेच पाणी घरात हंड्याने जाते याचा विचार ना आणणारा करतो, ना तपासणारा.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तुळजापूर तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार नव्या बोअरच्या पाण्याचा अहवाल घेऊन माझ्याकडे आले होते. सामू ८.६, अवशिष्ट सोडियम कार्बोनेट मर्यादेच्या वर, कॅल्शियम फारच थोडे. हे पाणी ठिबकने सतत दिले तर जमीन चोपण होईल, हे मी त्यांना समजावून सांगितले. उठता उठता ते म्हणाले, "पिकाला वाईट असंल सर, पण प्यायला अमृत आहे बघा. दोन शिट्ट्यांत डाळ शिजते, साबणाला नुसता फेस. आडाचं पाणी आता घरात कुणी तोंडातसुद्धा घेत नाही." मी हसून मान डोलावली. ते गेल्यावर अर्ध्या तासाने लक्षात आले की मान डोलवायला नको होती. दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून त्याच पाण्याचा वेगळा नमुना मागवला आणि त्यातील फ्लोराइड तपासून घेतले. ते लिटरला ०.९ मिलिग्रॅम निघाले, म्हणजे मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर. त्या अर्ध्या तासात मला जी धास्ती वाटली, तिचे कारण आपणांस सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

'हाड वाढले' म्हणजे काय?

'टाचेचे हाड वाढले' असे आपण सर्रास म्हणतो. टाचेला किंवा गुडघ्याला वयपरत्वे, झिजेमुळे जे टोक येते ते एका जागेपुरते असते, त्याचा पाण्याशी संबंध नाही. लहान मुलाच्या किंवा तरुण माणसाच्या एखाद्याच हाडावर गाठ येऊन ती वाढत असेल, रात्री ठणकत असेल, तर ती बाब आणखी वेगळी. तेथे चोळणे, शेकणे, बांधणे यांत दिवस न घालवता तडक जिल्हा रुग्णालय गाठावे. या लेखाचा विषय तिसरा आहे. त्यात एक हाड नव्हे तर शरीरातील सगळीच हाडे हळूहळू जाड, जड आणि खडबडीत होत जातात. त्यांच्या कडांना काटे फुटतात, आणि सांध्याभोवतालचे मऊ अस्थिबंधही हाडासारखे कठीण होतात. या विकाराला हाडांचा फ्लोरोसिस म्हणतात. कारण एकच, वर्षानुवर्षे पोटात गेलेले जादा फ्लोराइड.

हाड कसे वाढते हे शेतकऱ्याला समजावणे अवघड नाही, कारण त्याच्या जवळची वस्तू आपण खताच्या गोणीत पाहिलेली आहे. हाडाचा कठीण भाग हा कॅल्शियम आणि स्फुरद यांचा क्षार आहे. रॉक फॉस्फेट ज्या खनिजापासून बनते ते ॲपेटाइट आणि हाडातील क्षार हे एकाच कुळातले. फरक एवढाच की खाणीतल्या ॲपेटाइटमध्ये बहुधा फ्लोरिन बसलेले असते. म्हणूनच रॉक फॉस्फेट आपल्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत विरघळत नाही आणि गंधकाम्लाची प्रक्रिया करून त्याचे सुपर फॉस्फेट करावे लागते. पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड रोज शरीरात जात राहिले की हाडातल्या क्षारातही ते हळूहळू जागा पकडते. हाड रॉक फॉस्फेटच्या दिशेने सरकते म्हणा ना! शिवाय फ्लोराइड हाड तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. त्यामुळे नवे हाड तयार होत राहते, पण त्याची घडण नीट नसते. क्ष-किरण चित्रात असे हाड नेहमीपेक्षा पांढरे, भरीव दिसते. वजनाला भारी, पण चिवटपणा कमी. जनावराला नत्र जास्त झालेला लुसलुशीत चारा दिसायला भरघोस आणि आतून कमअस्सल असतो, तसाच काहीसा हा प्रकार समजावा.

पोटात गेलेल्या फ्लोराइडपैकी काही भाग मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. राहिलेला भाग जवळजवळ सगळा हाडांत आणि दातांत जाऊन बसतो. वाढत्या मुलांच्या शरीरात तो मोठ्यांपेक्षा जास्त साठतो. ज्यांची मूत्रपिंडे कमकुवत आहेत त्यांनाही धोका अधिक.

बैलांनी दाखवलेला रोग

भारतात या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ सालची आहे. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. परंतु त्याच्या काही वर्षे आधीच तेथील शेतकऱ्यांना काहीतरी बिघडल्याचे दिसले होते, आणि ते दिसले होते बैलांत. चांगले धट्टेकट्टे बैल ताठरून जात, सांधे दुखत, औत ओढणे सोडाच, चालणेही त्यांना अवघड होई. तशीच लक्षणे माणसांत दिसू लागली तेव्हा डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले. जवळपास त्याच सुमारास, १९३२ मध्ये, डेन्मार्कमध्ये क्रायोलाइट नावाचे फ्लोरिनयुक्त खनिज दळणाऱ्या कारखान्यातील मजुरांच्या हाडांत हाच बदल आढळला. त्याहून जुनी गोष्ट आइसलँडची. १७८३ मध्ये तेथे लाकी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा आणि वायू बाहेर पडले, फ्लोरिन गवतावर बसले, आणि ते गवत खाल्लेल्या मेंढ्या-गुरांच्या पायांवर, जबड्यांवर हाडांच्या गाठी आल्या. बहुसंख्य मेंढ्या दगावल्या.

म्हणून आपल्या दावणीकडे लक्ष द्यावे. ज्या बैलाचे किंवा गाईचे दात वयाच्या मानाने लवकर आणि वेडेवाकडे झिजले आहेत, त्यांवर तपकिरी डाग व खड्डे आहेत, गार पाणी पिताना जे जनावर दचकते, खुराला इजा नसताना आळीपाळीने पाय लंगडते, पायाच्या नळीवर हात फिरवला तर कठीण उंचवटे लागतात, अशा जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकाला पाण्याची शंका बोलून दाखवावी. जनावरांच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावे असे मानले जाते. जनावर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते, ते आयुष्यभर एकाच हौदावर पिते, आणि त्याचे आयुष्यही लहान. त्यामुळे माणसाच्या आधी ते बोलते.

येथेच एक सूचना. खनिज मिश्रण महाग पडते म्हणून सुपर फॉस्फेट, डीएपी किंवा रॉक फॉस्फेट चिमूटभर पेंडेत कालवून देणारे काही जण मला भेटले आहेत. तसे कदापि करू नये. खताच्या प्रतीच्या स्फुरदात फ्लोरिन असते. जनावरांसाठी पशुखाद्य प्रतीचे डायकॅल्शियम फॉस्फेट असलेले खनिज मिश्रणच वापरावे आणि पिशवीवर भारतीय मानक चिन्ह पाहून घ्यावे.

आपल्या जिल्ह्याचा खडक

फ्लोराइडचे पाणी महाराष्ट्रात प्रामुख्याने कोठे सापडते? नांदेड जिल्ह्याचा किनवट भाग, यवतमाळमधील पांढरकवडा परिसर, चंद्रपूर जिल्हा ही त्याची माहीत असलेली ठिकाणे. किनवटकडे ग्रॅनाइटचा खडक आहे. ग्रॅनाइट जातीच्या खडकांत फ्लोरिन असणारी खनिजे अधिक असतात आणि पाणी फटींतून सावकाश झिरपताना ती विरघळवून घेते. आपला धाराशिव जिल्हा मात्र बालाघाटच्या डोंगरांसह काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम भरपूर. त्यातील उथळ विहिरींचे पाणी बहुधा कठीण, कॅल्शियमयुक्त असते, आणि जेथे पाण्यात कॅल्शियम जास्त तेथे फ्लोराइड फार वेळ विरघळून राहू शकत नाही, ते कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसते. आपल्या आजोबा-पणजोबांचे आड डाळ न शिजवणारे असतील, पण या बाबतीत ते राखणदार होते.

मग काळजी कशाची? बोअरच्या खोलीची. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी आल्या. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या टंचाईत तर पाणी लागेना म्हणून पाचशे-सहाशे फूट आणि त्याहूनही खाली जाण्याची चढाओढ लागली. एवढ्या खोलीवरचे पाणी कालपरवाच्या पावसाचे नसते. ते खडकात दीर्घकाळ अडकलेले असते. त्या मुक्कामात पाण्यातले कॅल्शियम मातीच्या खनिजांना चिकटते आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात येते. सामू वाढतो, बायकार्बोनेट वाढते, कॅल्शियम घटते. आणि फ्लोराइडला पाण्यात टिकून राहण्यास हवी ती सगळी परिस्थिती तयार होते.

आता वरच्या बागायतदारांचे वाक्य पुन्हा वाचावे. डाळ लवकर शिजते कारण पाण्यात कॅल्शियम नाही आणि सोडा आहे. साबणाला फेस येतो, कारण तेच. आपण ज्या खुणांवरून पाण्याला 'गोड' आणि 'हलके' म्हणतो, त्याच खुणा जादा फ्लोराइडच्या पाण्यातही असू शकतात. प्रत्येक मऊ पाण्यात फ्लोराइड असतेच असे मुळीच नाही. परंतु डाळ शिजली म्हणजे पाणी पिण्यायोग्य ठरले, ही समजूत मात्र सोडून द्यावी. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते केवळ तपासणीतच कळते.

ज्यांच्याकडे सिंचनाच्या पाण्याचा जुना अहवाल पडून असेल त्यांनी तो काढून पाहावा. अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा आकडा १.२५ पर्यंत असेल तर पाणी सिंचनाला चांगले, १.२५ ते २.५ मध्यम, आणि २.५ च्या वर अयोग्य असे आपण धरतो. हा आकडा २.५ च्या वर, सामू ८.५ च्या आसपास आणि कॅल्शियम अल्प, असे तिन्ही एकत्र दिसले तर त्या बोअरचे फ्लोराइड तपासल्याशिवाय पाणी घरात पिण्यास घेऊ नये. सिंचनाच्या नेहमीच्या अहवालात फ्लोराइडचा रकाना नसतो, हे ध्यानात ठेवावे.

किती म्हणजे जास्त?

भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. १०५००) पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. त्यापुढे मुलांच्या दातांवर परिणाम दिसू लागतो. ३ ते ६ मिलिग्रॅमचे पाणी अनेक वर्षे पोटात गेले तर हाडांवर परिणाम होतो, आणि १० च्या पुढे माणूस अपंग होण्याइतका रोग बळावतो.

पण हे आकडे वाचताना एक हिशेब करावा. कार्यालयात पंख्याखाली बसणारा माणूस दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पितो. वैशाखात कांदा काढणारी बाई किंवा ऊस तोडणारा गडी सात लिटर पाणी सहज पितो. पाण्यात २ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर पहिल्याच्या पोटात दिवसाला ५ मिलिग्रॅम जाईल आणि दुसऱ्याच्या पोटात १४. त्यात त्याच पाण्यात शिजवलेली आमटी आणि त्याच पाण्याचा चहा धरलेला नाही. चहाच्या पानात मुळातच फ्लोराइड असते, कोरा चहा वारंवार घेणाऱ्यांच्या हिशेबात तेही येते. म्हणजे कागदावरची मर्यादा एकच असली तरी उन्हात राबणाऱ्याला ती लवकर भोवते.

ज्वारीचा संबंध

आपण ज्वारी खाणारे लोक. म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण तो अर्धवट ऐकून कोणीतरी 'ज्वारीने हाडे वाकतात' असे पसरवण्याची भीती आहे.

१९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णम्माचारी आणि कृष्णस्वामी यांनी आंध्र प्रदेशातील फ्लोराइडग्रस्त गावांतील एका नव्या लक्षणाची माहिती प्रसिद्ध केली. तेथील वाढत्या वयाच्या मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासत होते, पाय बाहेर फाकले होते. विशेष म्हणजे हे लक्षण ज्वारी हे मुख्य अन्न असणाऱ्या कुटुंबांत दिसत होते. पुढे त्याच संस्थेत झालेल्या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, भातापेक्षा ज्वारीच्या आहारावर शरीरात फ्लोराइड जास्त टिकून राहते. दोन, त्या भागातील ज्वारीत मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य जास्त होते. मॉलिब्डेनम वाढले की शरीरातून तांबे अधिक बाहेर टाकले जाते, आणि तांब्याची उणीव पडली की हाडाचा चिवट सांगाडा पक्का होत नाही. बाहेरून फ्लोराइड, आतून तांब्याचा तुटवडा, आणि आहारात कॅल्शियम बेताचे, अशा तिहेरी कात्रीत वाढत्या मुलांचे पाय सापडले.

ज्वारीत मॉलिब्डेनम आले कोठून? हा खरा कृषीविद्येचा प्रश्न आहे. नागार्जुनसागर धरणानंतर त्या परिसरात भूजलपातळी वर आली, जमिनी अधिक विम्ल झाल्या. जमिनीचा सामू वाढला की जस्त, लोह, तांबे पिकाला मिळेनासे होतात, पण मॉलिब्डेनमचे उलटे आहे, ते जास्त मिळू लागते. आपल्या काळ्या जमिनी आधीच विम्लधर्मी. कालव्याच्या पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे त्या चोपण होत गेल्या तर काय होऊ शकते, याचे हे दूरचे पण शिकण्यासारखे उदाहरण आहे. आम्ही विद्यार्थ्यांना जमिनीचा सामू शिकवतो तेव्हा तो पिकाच्या उत्पादनापाशी थांबतो. खरे तर तो भाकरीपर्यंत येतो.

तेव्हा ज्वारी सोडू नये. फ्लोराइड नसलेल्या पाण्याच्या गावात ज्वारीने कोणाची हाडे वाकलेली नाहीत. आपली मालदांडी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली आहे. दोष पाण्याचा आहे. मात्र पाणी सदोष निघाले तर ते दुरुस्त होईपर्यंत घरातील वाढत्या मुलांच्या आहारात दूध, ताक, नाचणी, तीळ, कारळ्याची चटणी, शेवग्याचा पाला यांचे प्रमाण वाढवावे. कॅल्शियम आतड्यातच फ्लोराइडला पकडते आणि त्याचा बराच भाग शौचावाटे निघून जातो. चिंचेचाही उपयोग दिसून आला आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांना रोज १० ग्रॅम चिंच दिली असता लघवीवाटे बाहेर पडणारे फ्लोराइड वाढले. आपल्याकडे बांधाबांधावर चिंच आहे. आमटीत ती घालण्यासाठी कोणाच्या शिफारशीची वाट पाहण्याचे कारण नाही. पण चिंच खाऊन वाईट पाणी पीत राहावे, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

ओळखावे कसे?

सर्वांत आधी शाळेतील मुलांचे दात पाहावेत. कायमच्या दातांचे आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होते. त्या काळात जादा फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी आडवे पट्टे उमटतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर ते सारखेच असतात आणि घासून जात नाहीत. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्यांचे दात काळे असतात, त्याच्याशी याची गल्लत होते. मिश्रीचा डाग हिरडीच्या कडेने आणि दातांच्या फटींत बसतो, दंतवैद्याने खरवडला की निघतो. शिवाय दहा वर्षांचे पोर मिश्री लावत नाही. ज्या वस्तीवरच्या बऱ्याच मुलांच्या दातांवर असे पट्टे आहेत, तेथील पाणी तपासलेच पाहिजे. मोठेपणी त्या गावात आलेल्या सुनांच्या दातांवर मात्र काहीच दिसणार नाही, म्हणून त्या सुरक्षित आहेत असे समजू नये. त्यांच्या हाडांत ते साठतच असते.

हाडांचा रोग सुरू होताना पाठ आखडते, मानेचे, कमरेचे, गुडघ्याचे सांधे सकाळी ताठर वाटतात. लोक 'वात आहे' म्हणून तेल चोळतात. पुढे मणके एकमेकांना जणू सांधले जातात, माणूस वाकतो तो एकसंध काठीसारखा. फारच पुढच्या टप्प्यात मज्जारज्जूवर दाब येऊन हातापायांतले बळ जाते. घरच्या घरी तीन गोष्टी करून पाहता येतात. गुडघे न वाकवता खाली वाकून पायाच्या अंगठ्यांना हात लावणे, हनुवटी छातीला टेकवणे, आणि हात पसरून कोपरात दुमडून डोक्याच्या मागे नेणे. चाळिशीच्या आतल्या, कष्टाचे काम करणाऱ्या बऱ्याच माणसांना एकाच वस्तीवर यातले काही जमत नसेल तर शंका घ्यावी. एकट्यादुकट्याची आखडलेली पाठ ही बहुधा नुसती पाठच असते. निदान डॉक्टरांनीच करावयाचे आहे. हाताच्या पुढच्या भागाचे क्ष-किरण चित्र, लघवीतील आणि पाण्यातील फ्लोराइड यांवरून ते होते. फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून सुरू झालेला आहे, त्यामुळे आरोग्य खात्याला हा विषय नवा नाही.

एकदा वाढलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. पाणी बदलल्यावर हाडातील फ्लोराइड फार सावकाश, वर्षानुवर्षे बाहेर पडत राहते. वेदना कमी होतात, ताठरपणा मात्र बराचसा राहतो. त्यामुळे सगळा भर पाण्यावरच द्यावा लागतो.

पाणी सदोष निघाले तर

पहिली गोष्ट, घाबरून बोअर बुजवू नये. फक्त पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी बदलावयाचे आहे. अंघोळ, धुणे, भांडी यांसाठी तेच पाणी चालते. फ्लोराइड कातडीतून आत जात नाही.

दुसरी गोष्ट, पाणी उकळू नये. म्हणजे जंतूंसाठी उकळणे योग्यच, परंतु उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण थोडे वाढतेच. तुरटी फिरवणे, मेणबत्तीचा फिल्टर, माठ, वाळू यांनीही काम होत नाही. आर.ओ. यंत्राने फ्लोराइड कमी होते, पण यंत्राची निगा राखली तरच, आणि त्यातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी गुरांच्या हौदात सोडू नये, त्यात फ्लोराइड अधिक दाट झालेले असते.

गावपातळीवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेली 'नलगोंडा पद्धत' उपलब्ध आहे. त्यात पाण्यात चुना व तुरटी ठरावीक प्रमाणात मिसळून ढवळतात, साका खाली बसू देतात आणि वरचे निवळ पाणी घेतात. मात्रा ही पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारता या दोन्हींवर अवलंबून असल्याने ती तक्त्यावरूनच ठरवावी लागते. अंदाजाने तुरटी टाकल्यास पाण्यात ॲल्युमिनियम उरते. म्हणून ही पद्धत घरोघरी अंदाजपंचे न करता ग्रामपंचायतीने जाणकाराच्या देखरेखीखाली राबवावी.

मला स्वतःला आपल्या जिल्ह्यासाठी दोन साधे उपाय अधिक पसंत आहेत. एक, आडाकडे परत जाणे. बुजत चाललेला आड उपसून, कठडा बांधून, पाणी निर्जंतुक करून वापरात आणावा. दोन्ही पाणी मिसळूनही चालते. समजा बोअरच्या पाण्यात फ्लोराइड ३ मिलिग्रॅम आहे आणि आडाच्या पाण्यात ०.५. आडाच्या चार घागरींत बोअरची एक घागर मिसळली तर सरासरी बरोबर १ मिलिग्रॅम येते. निम्मे-निम्मे केले तर १.७५, म्हणजे नाही चालणार. दुसरा उपाय पत्र्यावरच्या पावसाचा. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला २५ लिटर पाणी पुरते. उन्हाळ्याच्या १२० दिवसांना ३,००० लिटर. वीस चौरस मीटर पत्र्यावर ३०० मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस टक्के वाया गेला तरी ४,८०० लिटर पाणी मिळते. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य असते. पहिले दोन पाऊस सोडून द्यावेत, टाकी झाकलेली असावी, जाळी बसवावी.

शेतीच्या अंगाने पाहता, सर्वसाधारण जमिनीत पिके फ्लोराइड फारसे उचलत नाहीत, दाण्यात तर ते अल्पच येते. परंतु चोपण जमिनीत ते विद्राव्य स्वरूपात राहते. तेथे जिप्सम दिल्याने दुहेरी फायदा होतो. सोडियम निघते आणि जिप्सममधील कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवते. माती परीक्षणाप्रमाणे जिप्समची मात्रा द्यावी आणि निचऱ्याचे चर काढावेत, नुसते जिप्सम टाकून चर न काढणे म्हणजे झाडून केर घरातच ठेवण्यासारखे आहे.

नमुना कसा घ्यावा?

नमुना नेहमी प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. काचेची बाटली वापरू नये, फ्लोराइड काचेशी संयोग पावते. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालवून मगच बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि एक लिटर पाणी भरून बूच घट्ट लावावे. चिठ्ठीवर गावाचे नाव, गट क्रमांक, बोअरची खोली, तारीख आणि 'पिण्यासाठी, फ्लोराइडसह' असे स्पष्ट लिहावे. तसे लिहिले नाही तर सिंचनाचीच तपासणी होऊन अहवाल हाती येतो. जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फतही नमुना पाठवता येतो. जल जीवन मिशनमधून गावाला क्षेत्रीय तपासणी संच मिळाला असेल तर प्राथमिक अंदाज त्यावरही येतो, पण आकडा १ च्या जवळपास असेल तर प्रयोगशाळेचीच खात्री करावी.

नमुना वर्षातून दोनदा द्यावा, एकदा मे महिन्यात पाणी सर्वांत खोल असताना आणि एकदा परतीचा पाऊस सरल्यावर. वर उल्लेख केलेल्या बागायतदारांच्या बोअरचा ०.९ हा आकडा एप्रिलमधला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा तपासले तेव्हा तो ०.६ आला. या वर्षी त्यांनी बोअर आणखी दीडशे फूट खोल घेतली आहे आणि मे महिन्याच्या नमुन्याची बाटली माझ्या टेबलावर आहे. घरात सध्या आडाचे पाणी सुरू केले आहे, डाळ रात्रीच भिजत घालावी लागते अशी घरातून तक्रार असल्याचे त्यांनी कळवले आहे.